लहान मुलांतला न्यूमोनिया: आधी श्वास मोजा, छाती बघा, मग एक्स-रे वाचा

पाच वर्षांखालचं मूल खोकला किंवा धाप घेऊन आलं की बहुतेक ठिकाणी आधी स्टेथोस्कोप लावला जातो आणि लगेच एक्स-रेची चिठ्ठी लिहिली जाते. मोजायचं आणि बघायचं राहूनच जातं. खरं तर न्यूमोनिया कानाला ऐकू येण्याआधी डोळ्यांना दिसतो. वायुकोशांत पू आणि पाणी साचलं की फुप्फुस ताठ होतं. एका श्वासात हवा कमी जाते, म्हणून मूल श्वासांची संख्या वाढवतं. ताठ फुप्फुस फुगवण्यासाठी डायाफ्राम (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) जास्त जोर लावतो आणि लहान मुलाच्या मऊ बरगड्या आत खेचल्या जातात. जलद श्वास आणि छाती आत ओढली जाणं या दोन चिन्हांवर निदानाचा पाया आहे.

ही पद्धत १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांच्या कामातून पुढे आली आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू कमी होतात, हे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधनही त्यांनी बनवलं होतं. एक्स-रे मशीन नसलेल्या गावातही हे निदान होतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हात लावण्याआधी

मूल आईच्या मांडीवरच राहू द्या. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, टॉर्च यांतलं काहीही काढण्याआधी श्वास मोजा, कारण रडायला लागलेल्या मुलाचा आकडा निरुपयोगी असतो. झोपलेलं असेल तर उठवू नका, तसंच मोजा. आईला झबलं किंवा शर्ट हळूच वर करायला सांगा. छाती आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे. मूल कंबरेत वाकलेलं असेल तर छाती-पोटाची सीमा दिसत नाही. त्याला मांडीवर आडवं करा.

तोवर आईला विचारा: खोकला किती दिवस आहे? अंगावर नेहमीसारखं पितंय का? पिताना मधेच सोडून धाप टाकतं का? उलटीत सगळं पडतं का? झटका आला का? शेंगदाणा, फुटाणा, मणी असं काही तोंडात गेल्यावर अचानक ठसका लागून सुरुवात झाली का? घरात कुणाला क्षयरोग आहे का? "पोट उडतंय", "छाती भरलीय", "डब्बा झालाय" असं काही आईने सांगितलं तर ते गांभीर्याने घ्या. बाळाचा श्वास बदललाय हे तिच्या आधीच लक्षात आलेलं असतं. मेळघाटासारख्या भागात पोटावर चटक्यांचे ताजे व्रण दिसले तर पोट उडतंय म्हणून घरी उपाय करून झाला आहे, असा त्याचा अर्थ. तिथे कुटुंबाला रागावण्यात वेळ घालवू नका, लगेच श्वास मोजा.

पूर्ण एक मिनिट

पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं किंवा तीस सेकंद मोजून दुप्पट करणं चालत नाही. अर्भकाचा श्वास एकसारखा नसतो: काही श्वास भरभर, मग क्षणभर विराम. पंधरा सेकंदांत तीन श्वासांची चूक झाली तर मिनिटाला बारा श्वासांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात निदान बदलतं. मोबाइलचा स्टॉपवॉच किंवा एआरआय टायमर (श्वास मोजण्यासाठीचं मिनिटाचं घड्याळ) लावा, नजर पोटावर किंवा छातीवर एकाच जागी ठेवा आणि साठ सेकंद मोजा. घड्याळ दुसऱ्याने सांभाळलं तर आणखी बरं.

जलद श्वासाची मर्यादा वयानुसार अशी:

- २ महिन्यांखाली: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने पूर्ण ते १२ महिन्यांखाली: ५० किंवा जास्त
- १२ महिने पूर्ण ते ५ वर्षांखाली: ४० किंवा जास्त

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली वयाची: बरोबर बारा महिन्यांच्या मुलाला ४० ची मर्यादा लागते, ५० ची नाही. दुसरी तापाची. तापात श्वास वाढतोच. ताप जास्त आहे, आकडा मर्यादेच्या जरासा वर आहे आणि बाकी मूल ठीक आहे, तर पॅरासिटामॉल (दर किलोला १५ मिलिग्रॅम) द्या आणि ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. धोक्याचं एकही लक्षण असेल तर मात्र ही वाट बघायची नाही. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त आकडा आला तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त असेल तरच तो जलद श्वास.

छाती आत ओढली जाते का

निरोगी मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही एकत्र वर येतात. छाती ओढली जात असेल तर श्वास आत घेताना पोट वर येतं आणि बरगड्यांची खालची कड आत जाते. बघायची जागा हीच: छाती जिथे संपते आणि पोट सुरू होतं तिथे. फक्त दोन बरगड्यांमधली किंवा गळपट्टीच्या हाडावरची कातडी आत जात असेल तर ती यात धरत नाहीत.

हे ओढणं मूल शांत असताना आणि प्रत्येक श्वासाला दिसलं पाहिजे. रडताना किंवा दूध पितानाच दिसलं तर धरायचं नाही. चोंदलेल्या नाकामुळेही छाती ओढली जाते. सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करा आणि पुन्हा बघा. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या बरगड्या इतक्या मऊ असतात की हलकं ओढणं त्यांच्यात सर्रास दिसतं. तिथे खोल आणि लांबूनही दिसेल असं ओढणंच महत्त्वाचं. मुडदूस असलेल्या मुलातही बरगड्या मऊ पडून छाती आत जाते. मनगटाची हाडं रुंद आणि बरगड्यांवर मण्यांसारखे उंचवटे लागले तर ही शक्यता धरा, पण न्यूमोनिया नाही असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

शेजारच्या खुणाही बघून घ्या. नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वासाबरोबर डोकं हलतं का? श्वास सोडताना बाळ 'हं… हं' असं कण्हतं का? कण्हणं म्हणजे कण्ठद्वार अर्धवट मिटून फुप्फुसात हवेचा दाब टिकवायचा प्रयत्न, नाहीतर वायुकोश मिटून जातील. हे ऐकू आलं की मूल थकत चाललंय असं समजा.

ऑक्सिमीटर

जिथे शक्य आहे तिथे प्रत्येक धापेच्या मुलाला लावा, कारण ओठ निळे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला नीट बसत नाही आणि खोटा आकडा दाखवतो. लहान बाळाला तळपायाभोवती गुंडाळायचा प्रोब वापरा. पाय गार असेल तर आधी चोळून ऊबदार करा. मेंदी किंवा नेलपॉलिश असलेलं बोट टाळा. लहर स्थिर झाल्यावर आणि पडद्यावरचे ठोके मुलाच्या नाडीशी जुळल्यावरच आकडा लिहा.

९० टक्क्यांखाली असेल तर बाकी चिन्हं कशीही असोत, हा गंभीर न्यूमोनिया धरून ऑक्सिजन सुरू करा आणि मुलाला भरती करा. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून ९० ते ९२ हा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. अर्धा तास ठेवून पुन्हा मोजा आणि दूध पितानाही एकदा मोजा.

स्टेथोस्कोप आता

मुलाच्या पाठीवर, काखेत आणि पुढे, दोन्ही बाजू एकाच पातळीवर तुलना करत ऐका. कानाजवळ केस चोळल्यासारखा बारीक आवाज श्वास आत घेताना एकाच जागी येत राहिला तर तो न्यूमोनियाकडे बोट दाखवतो. नाक-घशातली घरघर सगळीकडे सारखीच ऐकू येते आणि खोकल्यानंतर बदलते. तिला छातीचा आवाज समजू नका. एका बाजूला श्वास ऐकूच येत नसेल आणि बोटाने ठोकल्यावर तिथे बद्द आवाज येत असेल तर फुप्फुसाबाहेर पाणी किंवा पू साचला असावा. छाती स्वच्छ ऐकू आली म्हणून न्यूमोनिया नाही, असं मात्र ठरत नाही. खालच्या लोबचा (फुप्फुसाच्या खालच्या भागाचा) न्यूमोनिया कधी पोटदुखी घेऊन येतो आणि मूल अपेंडिक्ससाठी तपासलं जातं. वरच्या लोबचा कधी मान आखडवतो.

शिट्टीसारखा आवाज आणि जलद श्वास एकत्र असतील तर आधी श्वासनलिका मोकळ्या करून बघा: स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळकांड्याने) सॅल्ब्युटामॉल, १५ ते २० मिनिटांच्या अंतराने तीन वेळांपर्यंत, आणि मग पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजणी. श्वास मर्यादेखाली आला, छाती ओढणं थांबलं तर तो न्यूमोनिया नव्हता. एवढं केल्याने कितीतरी मुलांचं अँटिबायोटिक वाचतं.

वर्गवारी

दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलात धोक्याची लक्षणं अशी: काहीच पिऊ न शकणं, घेतलेलं सगळं उलटून पडणं, झटके, सुस्ती किंवा बेशुद्धी, शांत असतानाही श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज, तीव्र कुपोषण. यांतलं एकही असेल किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तर गंभीर न्यूमोनिया: अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन ऑक्सिजनसह रुग्णालयात पाठवा. ही लक्षणं नाहीत, पण श्वास जलद आहे किंवा छाती ओढली जातेय, तर न्यूमोनिया: तोंडाने अमॉक्सिसिलिन, दर किलोला ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. दोन्ही नसेल तर सर्दी-खोकला, अँटिबायोटिक नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ पासून छाती ओढणाऱ्या पण धोक्याचं लक्षण नसलेल्या मुलाला घरीच औषध द्यायला मान्यता दिली आहे. एचआयव्हीबाधित किंवा त्याचा संशय असलेलं मूल मात्र अशा वेळी पाठवायचंच.

दोन महिन्यांखालच्या बाळाला हे नियम लावू नका. त्याला खोकला येईलच असं नाही. दूध कमी पिणं, अंग गार पडणं (३५.५ अंशांखाली), ताप (३७.५ किंवा जास्त), हालचाल मंदावणं, ६० किंवा जास्त श्वास, खोल ओढणं यांतलं काहीही दिसलं तर गंभीर जंतुसंसर्ग धरून पाठवा. कुपोषित मुलातही चिन्हं फसवी असतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर श्वास जलद करण्याइतकी ताकदच त्या शरीरात उरलेली नसते, ताप चढत नाही. अशा मुलात साधा खोकला आणि मलूलपणा एवढ्यावरही न्यूमोनियाचा संशय घ्या.

लसीचं कार्ड बघा. पीसीव्ही (न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस) ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना देतात. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे. पूर्ण डोस झालेल्या मुलात न्यूमोकोकसची शक्यता कमी होते, पण विषाणू आणि इतर जिवाणू राहतातच.

न्यूमोनियासारखं दिसणारं

दोन वर्षांखालच्या मुलात सगळ्यात जास्त गल्लत होते ब्रॉन्किओलायटिसशी, म्हणजे बारीक श्वासनलिकांच्या सुजेशी. दोन-तीन दिवस नाक वाहतं, मग शिट्टी, फुगलेली छाती, दोन्ही बाजूंना सारखे आवाज. हा विषाणूचा आजार असून त्याला नाक मोकळं ठेवणं, दूध-पाणी आणि गरजेप्रमाणे ऑक्सिजन लागतो. श्वास खोल आणि जलद पण छाती स्वच्छ असेल तर रक्तात आम्ल वाढलं असावं: जुलाबाने सुकलेलं मूल किंवा न ओळखलेला मधुमेह. साखर तपासायला एक मिनिट लागतं. दूध पिताना घाम, वजन न वाढणं आणि यकृत हाताला लागणं हे हृदयाकडे नेतं. तळवे पांढरेफटक असतील तर रक्तक्षयाची धाप.

एक्स-रे कधी

साध्या, घरी औषध देता येण्याजोग्या न्यूमोनियात एक्स-रेची गरज नसते. त्याने उपचार बदलत नाही, आणि आजार विषाणूचा की जिवाणूचा हेही तो खात्रीने सांगत नाही. सुरुवातीला तो कोराही असू शकतो. काढायचा तो ठरावीक प्रश्नासाठी: ऑक्सिजन कमी आहे किंवा मूल भरती आहे, ४८ ते ७२ तास योग्य डोस देऊनही ताप-धाप उतरत नाही, एका बाजूला श्वास ऐकू येत नाही, वस्तू अडकल्याचा, क्षयाचा किंवा हृदयाच्या आजाराचा संशय आहे. चिठ्ठीवर हा प्रश्न लिहा. 'चेस्ट एक्स-रे' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय शोधायचं ते कळत नाही. गंभीर मुलाचं औषध आणि ऑक्सिजन एक्स-रेसाठी थांबवू नका.

काढताना

गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी, झबल्याची बटणं, सेफ्टीपिन सगळं काढा. मोठ्या मुलीची वेणी छातीवरून बाजूला करा. केसांचा झुपका फिल्मवर डागासारखा उमटतो. लहान मुलाला आडवं झोपवून एकाने दोन्ही हात डोक्याशेजारी वर धरायचे, दुसऱ्याने गुडघे. धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालावा. गर्भवती आईला धरायला लावू नका. रडणारं मूल हुंदक्यानंतर खोल श्वास घेतं, त्या क्षणी बटण दाबावं. एका फिल्मचा किरणोत्सार निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो, तरी फिल्म बिघडून पुन्हा काढावी लागणं टाळता येतं.

वाचताना

आधी नाव, तारीख, डावी-उजवी खूण. मग फिल्म वाचण्यालायक आहे का ते ठरवा. निम्म्या चुकीच्या निदानांचं मूळ इथेच असतं, असं आमचं मत आहे. पुढच्या पाच ते सहा बरगड्या डायाफ्रामच्या वर दिसल्या पाहिजेत. त्यापेक्षा कमी दिसत असतील तर ती फिल्म श्वास सोडताना काढलेली आहे. तिच्यात हृदय मोठं दिसतं, फुप्फुसं पांढुरकी दिसतात आणि नसलेला न्यूमोनिया 'सापडतो'. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची पुढची टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर मूल वळलेलं होतं आणि एक बाजू उगाच जास्त काळी दिसेल. हृदयामागचे मणके पुसट दिसत असतील तर किरणांची मात्रा बरोबर.

आता क्रमाने बघा: श्वासनलिका, हृदयाच्या कडा, डायाफ्रामच्या कमानी, बाजूचे कोन, मग दोन्ही फुप्फुसं वरून खाली तुलना करत. शेवटी तीन लपायच्या जागा: हृदयाच्या मागे, डायाफ्रामच्या कमानीमागे आणि खांद्याखालचं टोक.

एकसंध पांढरा डाग आणि त्यात श्वासनलिकांच्या काळ्या रेषा दिसणं ही भरलेल्या फुप्फुसाची ठळक खूण. पुसलेली कड जागा सांगते: हृदयाची उजवी कड पुसली तर उजवा मधला लोब, डावी कड पुसली तर लिंग्युला (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग), डायाफ्रामची कड पुसली तर खालचा लोब. आठ वर्षांखालच्या मुलात न्यूमोनिया कधी चेंडूसारखा गोल दिसतो, कारण वायुकोशांमधल्या जोडवाटा अजून नीट तयार झालेल्या नसतात. त्याला गाठ समजून घाबरू नका, आणि मूल आजारी असेल तर लगेच सीटी स्कॅनही करू नका.

फसवणारं सगळ्यात मोठं सावट थायमसचं. दोन वर्षांखाली ही ग्रंथी मोठी असते आणि हृदयाच्या वर शिडासारखी पसरते. तिच्यात काळ्या रेषा नसतात, बरगड्यांच्या दाबाने कड लाटेसारखी दिसते, आणि तिच्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. दुसरी फसगत मिटलेल्या लोबची, विशेषतः ब्रॉन्किओलायटिसमध्ये उजव्या वरच्या लोबची. मिटलेला भाग आकाराने लहान होतो आणि शेजारच्या रेषा आपल्याकडे ओढतो. भरलेला लोब आकार टिकवतो.

एक बाजू पूर्ण पांढरी असेल तर श्वासनलिकेकडे बघा. ती पांढऱ्या बाजूपासून दूर ढकलली असेल तर पाणी किंवा पू, पांढऱ्या बाजूकडे ओढली असेल तर मिटलेलं फुप्फुस, मध्यभागी असेल तर बहुतेक भरलेलं. आडव्या फिल्ममध्ये पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धूसरपणा दिसतो, म्हणून संशय असेल तर सोनोग्राफी करा आणि सुई तिच्याच आधाराने घाला.

पातळ भिंतीची गोल पोकळी, सोबत पू आणि झपाट्याने बिघडणारं मूल: स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा विचार करा आणि कातडीवर गळवं आहेत का बघा. डाव्या बाजूला हवेच्या अनेक गोल पोकळ्या असून डायाफ्रामची कमान दिसतच नसेल तर ती छातीत चढलेली आतडी असू शकतात. खात्री झाल्याशिवाय तिथे नळी घालू नका. फुप्फुसाच्या मुळाशी गाठी वाढलेल्या असतील, खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला असेल किंवा घरात क्षयरुग्ण असेल तर पोटातल्या स्रावाची सीबीनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी) तपासणी करा. एकच फुप्फुस जास्त काळं आणि फुगलेलं असेल तर अडकलेला शेंगदाणा. दाणा किरणांत दिसत नाही. त्याच्यामागे कोंडलेली हवा दिसते, आणि ती श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये आणखी ठळक होते. एक्स-रे सामान्य आला तरी ठसक्याचा इतिहास खरा असेल तर ब्रॉन्कोस्कोपीसाठी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासायला) पाठवा.

व्हॉट्सॲपवर मत मागताना खोली अंधारी करा, फ्लॅश बंद ठेवा, फोन फिल्मला समांतर धरा आणि चारही कोपरे येऊ द्या. सोबत वय, वजन, श्वासांचा आकडा, ऑक्सिजन आणि आजाराचा दिवस लिहा. नुसत्या फोटोवर मिळालेलं मत कच्चं असतं.

दोन-तीन दिवसांनी

मूल पुन्हा बघा आणि पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. सुधारणा म्हणजे श्वास मंदावणं, ताप उतरणं, भूक लागणं. खोकला आणखी काही दिवस राहतो, त्यावर औषध बदलू नका. श्वास तसाच असेल तर आधी डोस आणि वजन ताडून बघा, औषध खरंच पोटात गेलं का ते विचारा, मग एक्स-रे काढा.

बऱ्या झालेल्या मुलाचा एक्स-रे पुन्हा काढायची गरज नाही. अपवाद गोल न्यूमोनिया, मिटलेला लोब किंवा रेंगाळलेली लक्षणं. तिथे ४ ते ६ आठवड्यांनी काढा, कारण फिल्मवरचा डाग मुलापेक्षा सावकाश बरा होतो. जुनी फिल्म पालकांना जपून ठेवायला सांगा. तेच मूल पुन्हा न्यूमोनिया घेऊन आलं तर दोन्ही फिल्म शेजारी लावून बघता येतात: जागा तीच असेल तर अडकलेली वस्तू, दाबणारी गाठ किंवा जन्मजात दोष शोधा, जागा वेगळी असेल तर दमा, हृदय, दूध श्वासनलिकेत जाणं, एचआयव्ही आणि प्रतिकारशक्तीचे आजार.